कडं वितळलं, कागद कुरतडले : मिस्रच्या संग्रहालयाकडे नाशिकमधून बघताना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा आठवीच्या वर्गातला पहिला प्रश्न अभ्यासाचा नव्हता. एका मुलाने विचारलं, "मॅडम, फिरऔनची बॉडी आता नव्या म्युझियममध्ये ठेवली ना?" मागच्या बाकावरून लगेच दुसरा म्हणाला, "अरे, ती तर पॅरिसला नेली होती, तिथे डॉक्टर मुसलमान झाला." दोघांच्याही माहितीचा उगम एकच, घरातला व्हॉट्सॲप ग्रुप. तास भूगोलाचा होता, पण त्या दिवशी आम्ही मिस्रमध्येच राहिलो.

बातमी सगळ्यांनी पाहिली असेल. १ नोव्हेंबर २०२५ रोजी कैरोजवळ गिझा इथे, पिरॅमिडच्या अगदी समोर, ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’चं औपचारिक उद्घाटन झालं. पायाभरणी झाली होती २००२ साली. मधे २०११ ची क्रांती झाली, सरकारं बदलली, पैसा संपला, कोरोना आला. शंभर कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला आणि त्यातला मोठा भाग जपानच्या कर्जातून आला. आत शिरताच रामसेस दुसरा याचा ८३ टनांचा, ११ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. १९२२ साली सापडलेल्या तुतनखामुनच्या कबरीतल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदाच एका छताखाली मांडल्या आहेत. आणि मुलांसाठी उत्तर असं की नाही, राजांच्या ममी तिथे नाहीत. त्या ३ एप्रिल २०२१ ला मोठ्या मिरवणुकीने, एकूण २२, कैरोच्या फुस्तात भागातल्या दुसऱ्या संग्रहालयात नेल्या आहेत. फुस्तात म्हणजे हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी मिस्रच्या फतहनंतर वसवलेलं शहर. रामसेस आज मुसलमानांच्या मिस्रमधल्या पहिल्या राजधानीच्या जमिनीवर मुक्कामाला आहे, हे ऐकून वर्ग जरा गप्प झाला.

पण मला या लेखात उद्घाटनाच्या आतषबाजीबद्दल फारसं लिहायचं नाही. त्याच्या दोनच महिने आधीची एक लहान बातमी आहे, ती माझ्या डोक्यातून जात नाही.

सप्टेंबर २०२५. कैरोच्या तहरीर चौकातलं जुनं इजिप्शियन म्युझियम, १९०२ सालची गुलाबी इमारत. तिथल्या दुरुस्ती-संवर्धनाच्या प्रयोगशाळेतून एक सोन्याचं कडं गायब झालं. राजा अमेनेमोपचं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं, निळ्या लाजवर्द मण्याचं. रोममधल्या प्रदर्शनासाठी वस्तू बांधायला घेतल्या तेव्हा कडं जागेवर नाही हे लक्षात आलं. तपासात निघालं की प्रयोगशाळेतल्याच एका कर्मचाऱ्याने ते उचललं, ओळखीच्या चांदीवाल्याला दिलं, त्याने एका सोनाराला विकलं आणि शेवटी १ लाख ९४ हजार इजिप्शियन पाउंडांना, म्हणजे आपल्या साडेतीन लाख रुपयांच्या आसपास, ते सोनं गाळणाऱ्याकडे गेलं. त्याने ते इतर मोडीबरोबर वितळवून टाकलं. पोलिसांनी चौघांना पकडलं, पैसे जप्त केले. कडं कुठून जप्त करणार?

तीन हजार वर्षं वाळूने सांभाळलं. कबरी फोडणाऱ्या चोरांच्या हातून वाचलं. आणि ज्याला त्याची निगा राखायचा पगार मिळत होता, त्याच्या खिशातून ते भट्टीत गेलं.

चोरी करणाऱ्याला मी माफ करत नाही, पण एक गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. सोनाराच्या तराजूला फक्त वजन कळतं. शंभर कोटी डॉलरचं नवं संग्रहालय एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला जुन्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत वस्तू आत-बाहेर होताना नीट नोंद, कॅमेरा, दोन माणसांच्या सह्या, या बिनखर्चाच्या गोष्टी नाहीत. सगळ्या देशांचं थोड्याफार फरकाने हेच आहे. उद्घाटनाला फीत मिळते, नोंदवहीला कारकून मिळत नाही. पुढच्याच महिन्यात, १९ ऑक्टोबरला, पॅरिसच्या लूव्रमधून भर दिवसा दागिने चोरीला गेले. तेव्हा हा केवळ गरीब देशांचा ढिसाळपणा आहे असंही कोणी म्हणू नये.

आता याच्या उलट गोष्ट आपल्या नाशिकची.

१९०६ साली आपल्या जिल्ह्यात गोदाकाठच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. राजा नहपान याची. विचार करा, ती सगळी त्याच आठवड्यात सराफाकडे गेली असती तर चांदीचा एक चांगला गोळा झाला असता आणि विषय संपला असता. पण साठ्याचा मोठा भाग सरकारपर्यंत पोचला, अभ्यासकांनी एकेक नाणं भिंगाखाली धरलं, तेव्हा दिसलं की त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर नहपानच्या छापावर दुसरा छाप ठोकलेला आहे, गौतमीपुत्र सातकर्णीचा. पांडवलेण्यातल्या शिलालेखात लिहिलं होतं की गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश संपवला. शिलालेख राजाच्या आईच्या नावाने कोरलेला, म्हणजे घरच्याच माणसाने केलेली तारीफ. खरं किती, कोण सांगणार? नाण्यांनी सांगितलं. ज्याला हरवलं त्याच्या चांदीवर आपला शिक्का मारून ती पुन्हा बाजारात आणली, याहून पक्का पुरावा कोणता? महाराष्ट्राच्या इतिहासाचं एक पान त्या साठ्याने लिहिलं. चांदीची किंमत त्यापुढे काहीच नाही.

मी हे वर्गात सांगते तेव्हा एक गोष्ट सांगत नाही, ती इथे सांगते. माझ्या नानीकडे चांदीच्या जुन्या रुपयांची माळ होती. काळी पडलेली, जाड, एका बाजूला फारसी अक्षरं. आम्ही पोरी ती खेळायला मागायचो, नानी द्यायची नाही. खालाच्या लग्नात पैसे कमी पडले तेव्हा माळ सराफाकडे गेली आणि तिथे नव्या पैंजणांच्या बदल्यात जमा झाली. तेव्हा कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही, मलाही नाही. खूप वर्षांनी नाण्यांच्या एका प्रदर्शनात मी तसाच रुपया काचेत पाहिला. खाली चिठ्ठी होती, टांकसाळ गुलशनाबाद. गुलशनाबाद म्हणजे आपलं नाशिक, मोगलांनी दिलेलं नाव. पेशव्यांच्या काळातही इथल्या टांकसाळीच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहा शाह आलमचं नाव पडत होतं. नानीच्या माळेत नेमकं तेच होतं की नाही, आता कधीच कळणार नाही. पण कैरोच्या त्या कड्याची बातमी वाचली तेव्हा मला आधी नानीच आठवली.

आपल्याकडे या विषयावर बोललं की एक प्रश्न हमखास येतो. एका पालकांनी मला विचारलाच, "आपा, बुतांचं आणि फिरऔनचं जतन आपल्या मुलांना कशाला शिकवता?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं.

मिस्र फतह झालं ते इसवी सन ६४० च्या सुमारास. ते सहाबांच्या हातून. त्यांच्या डोळ्यांसमोर पिरॅमिड उभे होते आणि त्यांच्या नंतरही उभेच राहिले. पुढे सुलतान सलाहुद्दीन अय्यूबींचा मुलगा अल-अजीज उस्मान याने ११९६ च्या सुमारास तीनपैकी लहान पिरॅमिड पाडायला घेतला. खोदणारे, दोरखंडवाले, पाथरवट महिनोन् महिने तिथे तळ ठोकून होते. शेवटी दमून परत गेले. उत्तरेच्या बाजूला एक मोठी खाच तेवढी पडली, ती आजही दिसते. हा प्रकार ज्याने लिहून ठेवला तोही मुसलमानच, बगदादचा हकीम अब्दुल लतीफ. त्याचं मिस्रवरचं पुस्तक वाचलं की वाटतं हा आजचाच माणूस आहे. खजिन्याच्या लोभाने मूर्ती फोडणाऱ्यांवर तो चिडतो, जुन्या अवशेषांमधून मागच्या कौमांचा हाल कळतो म्हणून ते राखले पाहिजेत असं सांगतो. हाच माणूस दुष्काळात मेलेल्यांचे सांगाडे तपासून लिहितो की खालचा जबडा एकच हाड आहे, जालीनूसने लिहिलंय तशी दोन नाहीत. पाहिलं ते लिहिलं, उस्ताद कितीही मोठा असो.

अर्थात आपलं सगळंच उजळ होतं असं नाही. पिरॅमिडवरचे गुळगुळीत दगड काढून कैरोच्या इमारतींना लावले गेले. अबुल-हौल, ज्याला इंग्रजीत स्फिंक्स म्हणतात, त्याचं नाक चौदाव्या शतकात एका सूफीने फोडलं असं इतिहासकार मकरीझी लिहितो. आपल्या काळात २००१ ला बामियानमध्ये आणि २०१५ ला मोसुलच्या संग्रहालयात जे झालं ते तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण त्या वेळी हे कृत्य इस्लाममध्ये हराम आहे असं जाहीर करणारी संस्थाही कैरोचीच होती, अल-अजहर. कुरआनमध्ये जमिनीवर फिरून मागच्या कौमांचा शेवट काय झाला ते बघायला सांगितलं आहे. बघायला काही शिल्लक राहिलं तरच बघता येईल ना. त्या पालकांना मी एवढंच म्हटलं.

आता पॅरिसचा तो डॉक्टर. ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात पोचली आहे, म्हणून थोडं थांबते. खरं एवढं आहे की रामसेस दुसऱ्याची ममी सप्टेंबर १९७६ मध्ये पॅरिसला नेली होती, कारण तिला बुरशी लागली होती. तिथे गॅमा किरणांनी बुरशी मारली आणि ममी परत आली. फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाय यांनी बायबल, कुरआन आणि विज्ञान यावर पुस्तक लिहिलं हेही खरं. पण "शरीरात मीठ सापडलं म्हणून समुद्रात बुडून मृत्यू सिद्ध झाला" हे जे फिरतं, तिथे शिक्षक म्हणून मला हात वर करावा लागतो. ममी बनवायचीच मुळी नॅट्रॉन नावाच्या खारात सुकवून. प्रेत त्यात सुमारे चाळीस दिवस पुरून ठेवायचे. त्यामुळे खार प्रत्येक ममीत सापडणार, बुडालेल्याच्याही आणि अंथरुणावर गेलेल्याच्याही. रामसेसचा पासपोर्ट म्हणून जो फोटो फिरतो तो कोणीतरी कॉम्प्युटरवर तयार केलेला आहे. सूरह यूनुसमध्ये फिरऔनचं शरीर निशाणी म्हणून वाचवण्याचा जिक्र आहे, त्यावर आपला ईमान आहेच. पण कुरआनने त्या फिरऔनचं नाव सांगितलेलं नाही. आपला ईमान कुठल्या प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर उभा नाही. मग खोटी चिठ्ठी पुढे पाठवून आपण कोणाचं भलं करतो? उद्या मुलगा कॉलेजात जाईल, कोणीतरी त्याला नॅट्रॉन समजावून सांगेल, आणि मग तो आपल्या बाकीच्या सांगण्यावरही शंका घेईल. मला भीती त्याची वाटते.

गंमत म्हणजे ममी हा शब्दच आपल्याकडून गेलेला. फारसी-अरबीतला मोमिया, म्हणजे डांबरासारखा काळा पदार्थ. हकिमांच्या दुकानातली मोमियाई तीच. युरोपात तर शेकडो वर्षं ममीची पूड औषध म्हणून खात होते. किती फिरऔन खोकल्यावर खर्च झाले असतील, अल्लाह जाणे.

भारतात ममी बघायला कैरोला जावं लागत नाही. कोलकाता, जयपूर, बडोदा, लखनौ, हैदराबाद इथल्या संग्रहालयांत आहेत. हैदराबादची गोष्ट मराठवाड्यात नातेवाईक असलेल्यांना जवळची वाटेल. सहाव्या निजामाचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती एक हजार पौंडांना घेतली, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९३० साली संग्रहालयाला देऊन टाकली. पुढे दशकानुदशकं साध्या काचेत राहून ती खराब होऊ लागली. ममीचे खरे दुश्मन चोर नाहीत, हवा आणि दमट पावसाळा आहेत. ऑक्सिजन असला की किडा आणि बुरशी जगते. २०१६ मध्ये तिचं सीटी स्कॅन केलं, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या संवर्धकांची मदत घेतली आणि नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीचा मार्ग धरला. कैरोच्या राजांनाही अशाच पेट्यांत ठेवलं आहे.

जयपूरची आठवण वेगळी. १४ ऑगस्ट २०२० ला तिथे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अल्बर्ट हॉल संग्रहालयात पाणी घुसलं. ‘तूतू’ नावाची ममी तळाच्या दालनात होती. कर्मचाऱ्यांनी पेटीची काच फोडून तिला उचललं, म्हणून ती वाचली. तिथल्या कचेरीतल्या फायली मात्र भिजल्या, आणि नंतर कागद वाळत घातल्याचे फोटो आले होते. ते पाहून आपल्या सराफ बाजाराची आठवण कोणाला झाली नसेल? २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९, दोन्ही वेळा गोदामाई दुकानांत शिरली होती. राज्य पुरातत्त्व खात्याचा सरकारवाडा त्याच परिसरात आहे.

मुंबईच्या त्याच संग्रहालयात २०१२-१३ च्या हिवाळ्यात ब्रिटिश म्युझियमची एक ममी आली होती, कर्नाकच्या मंदिरातला पुजारी नेस्पेरेन्नूब. पट्ट्या कधीच न उघडता, फक्त स्कॅन करून त्याच्या आत काय आहे ते चष्मा लावून पडद्यावर दाखवत होते. आम्ही पंचवटी एक्सप्रेसने मुलं नेली होती, डब्यांत खिमा-पाव आणि उकडलेली अंडी. पडद्यावर दिसलं की पुजाऱ्याच्या डोक्याला मातीचं एक भांडं चिकटलेलं आहे. मसाला लावणाऱ्यांनी डिंक गळू नये म्हणून खाली ठेवलं असेल, ते चिकटून बसलं, निघेना, मग तसंच गुंडाळून टाकलं. सुमारे २८०० वर्षं ही चूक लपून राहिली. परतीच्या गाडीत आमची मुलं सोन्याबद्दल काहीच बोलत नव्हती, त्या भांड्याबद्दलच बोलत होती. एकीने विचारलं, "मॅडम, त्या कारागिराला रात्री झोप आली असेल का?" असा प्रश्न पुस्तकाच्या पानावरून येत नाही.

मालकीचा वाद मोठा आहे, मी थोडक्यात आटोपते. रोझेटा शिला लंडनला, नेफरतीतीचा चेहरा बर्लिनला, आणि नवं संग्रहालय उघडल्यावर त्या परत द्या ही मागणी पुन्हा जोरात आली. "तुम्हाला सांभाळता येत नाही" हे जुनं उत्तर आता देता येणार नाही, असं मिस्रवाले म्हणतात. त्यांचं कडं वितळल्यामुळे उत्तर देणाऱ्यांना नवा मुद्दा मिळाला, हे दुर्दैव. आपल्या महाराष्ट्राला हे नवं नाही. लंडनहून वाघनखं २०२४ च्या जुलैत साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावात चक्क बोली लावून घेतली. आपलीच वस्तू, आपल्याच पैशाने.

मात्र मिस्र सरकारची एक गोष्ट आपल्या वाचकांनी जरूर नोंदवावी. एका हाताने फिरऔनांचं भव्य घर बांधणाऱ्या याच सरकारने कैरोच्या जुन्या कब्रस्तानातून, कराफातून, नवे रस्ते आणि पूल काढले. इमाम शाफई (रह.) यांच्या मजारीच्या परिसरातल्या कित्येक जुन्या कबरी, त्यांवरचे कोरीव कातिब दगड, संगमरवरी ताबूत बुलडोझरखाली गेले. हा भाग ऐतिहासिक कैरो म्हणून युनेस्कोच्या यादीत आहे. कैरोचे तरुण वास्तुविशारद आणि कलावंत मलब्यातून दगड वेचून फोटो काढत होते. आरडाओरड झाली तेव्हा २०२३ मध्ये समिती नेमली. पर्यटक तिकीट काढून फिरऔन बघायला येतो, दीड कोटींहून जास्त परदेशी पाहुणे २०२४ साली आले. मामलूक काळातल्या एखाद्या आलिमाची कबर बघायला कोण डॉलर मोजणार? जतन कशाचं करायचं हे बाजारावर सोडलं की असंच होतं, आणि हे फक्त तिकडे होतं असं नाही.

आपल्या जुन्या नाशकातही गोदाकाठी मातीची गढी आहे. तिथे १९५०-५१ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळापासून मराठा-मुस्लिम काळापर्यंतचे थर एकावर एक निघाले. अभ्यासकांच्या पुस्तकांत नाशिकचं नाव त्यामुळे गेलं. शहरातल्या किती शाळांनी आपल्या मुलांना ती जागा दाखवली? दर पावसाळ्यात काझीच्या गढीचा कडा ढासळल्याची बातमी येते. काठावरच्या गरीब कुटुंबांना चार दिवस हलवतात, मग सगळं पुन्हा जिथल्या तिथे. तिथे राहणाऱ्यांना पक्कं घर मिळालं पाहिजे हे पहिलं. पण प्रत्येक ढासळीबरोबर गोदावरीत काय वाहून जातं, हे बघायलाही कोणीतरी तिथे असायला हवं.

आणि आता घरातल्या पेट्या. माझे एक मामू एका लहान मशिदीच्या कमिटीवर आहेत. वक्फचा नवा कायदा एप्रिल २०२५ पासून लागू झाला, जूनमध्ये उम्मीद पोर्टल आलं, आणि सहा महिन्यांत मालमत्तेची माहिती चढवा असा हुकूम. पिढ्यान् पिढ्या नमाज होतेय म्हणून वक्फ, हा आधार नव्या नोंदींसाठी कायद्यातून काढला आहे. म्हणजे आता बोलणार तो कागद. मामूंनी कपाटावरची लोखंडी पेटी काढली. तीन दस्त होते. एक मोडीत, एक फारसीत, आणि एकाला वाळवीने मधोमध भोक पाडलेलं. मोडीतला कागद कोणीतरी वीस वर्षांपूर्वी "चांगला राहावा" म्हणून प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केला होता. आत शाई पिवळी पडून पसरलेली, आणि आता प्लॅस्टिक काढायला जावं तर कागद त्याच्याबरोबर निघतो. नेस्पेरेन्नूबच्या भांड्यासारखं झालं. ज्याने केलं त्याने भल्यासाठीच केलं होतं.

मामू मला म्हणाले, "बेटा, तू टीचर आहेस, वाच." मला फारसी अडखळत येते, मोडी अजिबात नाही. शेवटी मोडी जाणणारे एक निवृत्त गृहस्थ भेटले, आडनावाने देशस्थ ब्राह्मण, त्यांनी चष्मा पुसून दोन तासांत सगळा मजकूर वाचून दिला आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. आपल्या मुलामुलींनी तिथे जाऊन बसावं असं मला फार वाटतं. उर्दू येणाऱ्याला फारसी कागदाचा अर्धा रस्ता आधीच माहीत असतो. त्यात मोडी आली तर असा माणूस कमिटीलाही लागतो आणि विद्यापीठालाही.

पेटी उघडणार असाल तर काही साधं सांगते. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, घडी असेल तिथे पुन्हा घडी नको. स्वच्छ सुती कापडात सपाट ठेवा, पावसाळ्यानंतर सावलीत हवा द्या, उन्हात नाही. जुन्या घरांत वेखंड आणि कडुलिंबाची पानं ठेवायचे ते उगाच नव्हतं. तळमजल्यावर, मोरीच्या भिंतीला लागून पेटी ठेवू नका. आणि आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढून तीन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा. घाबरू नका, घरात जुनी वस्तू असणं गुन्हा नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू आणि ७५ वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित हे पुरावशेष धरलं जातं. ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशांची नोंदणी करावी लागते. पाया खोदताना जमिनीत नाणी-दागिने सापडले तर मात्र जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हा कायदा १८७८ चा आहे. सराफाकडे जाण्याआधी एवढं लक्षात असू द्या. शिवाय केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम’ नावाने एक कोटीहून जास्त हस्तलिखितांच्या नोंदीची घोषणा केली आहे. त्या यादीत अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितं किती येतील, ते पेट्या उघडणाऱ्यांवर अवलंबून आहे. आपण दाखवलंच नाही, तर उद्या "तुमचं काही नव्हतंच" असं कोणी म्हटल्यावर कोणत्या तोंडाने भांडणार?

२०११ च्या जानेवारीत, तहरीर चौक पेटलेला असताना, इजिप्शियन म्युझियममध्ये चोर शिरले होते. तेव्हा पोलीस रस्त्यावरून गायब होते. साधी माणसं, त्यांत कित्येक नमाज पढून आलेली, हातात हात घालून इमारतीभोवती साखळी करून उभी राहिली आणि रात्रभर उभी राहिली. त्यांतल्या कोणाच्या घरात ममी नव्हती.

आमच्या आठवीला या टर्ममध्ये अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेचं संग्रहालय दाखवायचं ठरलं आहे. त्र्यंबक रस्त्याला, बसने तासाभराचं अंतर. ज्याने पॅरिसच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली होती त्याने परवा खिशातून एक तांब्याचं नाणं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. दादाच्या पेटीत होतं म्हणे. एका बाजूला अक्षरं आहेत, पण घासून पुसट झाली आहेत. मी त्याला एवढंच सांगितलं की चिंचेने चकचकीत करू नकोस, जसं आहे तसंच रुमालात गुंडाळून सोबत आण.